बुजलेले मांजर



पवनी हे वैनगंगेकाठचे जुने गाव आणि भोवतालचा सारा मुलूख धानाचा. जेथे धान तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा हिशेब फार जुना आहे. घरात कणगी असो की शाळेत मुलांच्या खिचडीच्या तांदळाची पोती असोत, मांजर आपल्याला हवेच असते. मात्र ते आपल्याला पायात घोटाळणारे, हाकेसरशी धावत येणारे हवे असते. मार खाल्लेले, कुत्र्यांच्या तोंडून सुटलेले किंवा कोणी टाकून दिलेले मांजर दारात आले, की सुरुवातीला आपल्याला दया येते. चार दिवस जातात. मग, “एवढं दूध पाजलं, तरी काहून पळते हे?” असे आपण म्हणू लागतो. आठव्या दिवशी ते लेकराला बोचकारते, आणि बेइमान जात म्हणून पोत्यात घालून त्याला नदीपल्याड सोडले जाते. आज या बेइमान ठरवलेल्या जनावराची बाजू आपल्यापुढे मांडावयाची आहे.

दुधाने तोंड पोळले, की माणूस ताकही फुंकून पितो. मांजराचे अगदी तसेच आहे. पोत्यात घालून नेलेल्या मांजराला पोत्याची सळसळ पुरते. काठी खाल्लेल्या मांजराला, तुम्ही केरसुणी उचललीत तरी ती काठीच वाटते. २०२० सालच्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. त्या पुरातून गेलेल्या माणसाला विचारा, रात्री पावसाची जोराची सर आली की छातीत कसे धस्स होते! आपल्याला निदान पाणी ओसरल्याची बातमी तरी कळते. मांजराला ती कोण सांगणार? भीती एका क्षणात शिकली जाते. ती जायला मात्र आठवडे लागतात, कधी महिनेही लागतात.

आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो. आपल्या शेजारच्या कऱ्हांडला अभयारण्यात वाघ आहे, बिबट्याही आहे. पण ही मावशी तीन-चार किलो वजनाची! ती उंदराची शिकार करते आणि कुत्र्याची, बिबट्याची शिकार होतेही. म्हणून दुखणे आणि भय लपविणे तिच्या रक्तातच आहे. फिस्कारणारे, अंग फुगवणारे मांजर भ्यालेले आहे, हे कोणालाही दिसते. पण कोपऱ्यात अंग चोरून गप्प बसलेले मांजर पाहून आपण म्हणतो, “गरीब आहे हो बिचारं.” त्याच्याकडे जरा नीट पाहा. कान आडवे पडलेले, उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, शेपटी अंगाशी घट्ट ओढलेली. ते गरीब नाही, ते भयाने गोठले आहे. त्याला उचलायला गेलात, की नखे लागणारच. गुरगुर ऐकूनही फसू नका. दुखणाईत मांजरसुद्धा कधीकधी गुरगुरते.

आणखीही खुणा आहेत. मांजर अंग चाटायचे सोडते, नाहीतर एकच जागा चाटून चाटून केस घालविते. खाणे टाकते. नको तेथे लघवी करते. तुमची खोड काढायची म्हणून ते अंथरुणावर घाण करीत नाही; पुष्कळदा ते भयाचे किंवा आजाराचे लक्षण असते. अशा वेळी त्याला मारले, किंवा नाक धरून घाणीत घासले, तर ते एकच गोष्ट शिकते: या घरात माणसाचा हात वाईट!

येथे एक भेद लक्षात घ्यावा. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असते, तो काळ माणसाची ओळख होण्याचा. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठाच्या आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवून दिले. या वयात ज्याला माणसाचा मायेचा हात लागला, ते पुढेही माणसाजवळ येते. तणसाच्या ढिगात जन्मून माणसावाचून वाढलेले मांजर बहुधा मांडीवर बसणार नाही. त्याला आपल्या सांदवाडीत राहू द्यावे, दुरून खाऊपिऊ घालावे, जमल्यास पशुवैद्याकडून त्याची नसबंदी करून घ्यावी. मांडीवर बसण्याची सक्ती करू नये. माणसाची सवय असून पुढे दुखावलेले मांजर मात्र पुन्हा माणसात येऊ शकते.

ते कसे, हे आता पाहू. पहिली गोष्ट म्हणजे लपायला जागा. हॉलंडमधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपण्यासाठी खोके दिले, काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे लवकर सावरली. आपल्याकडे पुठ्ठ्याचे खोके काय महाग आहे? त्याला एक दार कापा, आत जुने लुगडे घाला, आणि निवांत कोपऱ्यात ठेवा. लुगडे वरचेवर धुऊ नका. त्यावर बसलेला स्वतःचाच वास मांजराला धीर देतो. आत असलेल्या मांजराला ओढून काढू नका. खाणे रोज त्याच वेळी, त्याच जागी ठेवा. पाणी जरा वेगळे ठेवा, आणि दूर एका घमेल्यात वाळू ठेवा. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, हगवण लागते. म्हणून दुधाच्या वाटीपेक्षा पाण्याची वाटी बरी.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली बसण्याची रीत. समोर उभे राहून टक लावून पाहणे म्हणजे मांजराच्या भाषेत धमकी. जमिनीवर बाजूला तोंड करून बसावे. नजरानजर झालीच, तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडावे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हे तपासले. अशा मिचकावणाऱ्या माणसाकडे मांजरे अधिक येतात, असे त्यांना आढळले. हात पुढे करायचा तो वास घेण्यापुरता. जवळ यायचे की नाही, हे मांजराने ठरवावे.

घर बदलताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे आपल्या तालुक्यातली गावे उठली. ओळखीची वाट, ओळखीचे झाड गेले, की माणूसही सैरभैर होतो. मांजराची तर सारी ओळख वासावर चालते. नव्या घरी नेलेले मांजर मोकळे सोडले, तर ते जुन्या घराच्या शोधात निघते. त्याला दोन-तीन आठवडे एका खोलीतच ठेवावे, मग हळूहळू बाहेर काढावे.

गुरुजनहो, तुमच्यासाठी एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील बर्क्स काउंटीच्या प्राणी-निवाऱ्याने २०१३ साली शाळकरी मुलांना मांजरांजवळ बसून मोठ्याने धडा वाचायला बोलावले. मुलाचे वाचन सुधारते, आणि एका सुरात चाललेला आवाज ऐकून मांजर निवळते. आपल्या शाळेच्या ओसरीवर मांजर येत असेल, तर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. नवीन गावाहून आलेले, मागच्या रांगेत गप्प बसणारे पोर तुम्ही ओळखता. त्याला दामटून बोलते करता येत नाही, हेही तुम्ही जाणता. तीच नजर येथे हवी.

काही गोष्टींत मात्र वाट पाहू नये. मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर त्याच्या यकृताला धोका असतो. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मांजर कोणाला चावले किंवा बोचकारले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना काहीही लावू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारावे. मुलांनाही सांगावे, की बोचकारल्याचे मार बसेल म्हणून लपवू नये.

राहिली नदीपल्याडची गोष्ट. जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी एवढा विचार करावा: पोत्यातून सुटलेले ते मांजर पुढल्या गावात कोणाच्या तरी दारी जाणार, आज आहे त्याहून अधिक बुजलेले. तेथेही कोणाचे तरी लेकरू त्याच्याशी खेळायला हात पुढे करील. त्यापेक्षा आपल्याच घरी एक खोके, एक कोपरा आणि महिनाभराची सवड दिलेली बरी.