गुरुजींना मुनीम नसतो

(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षणतज्ज्ञ नव्हे. तरीही आज प्राथमिक शिक्षकांविषयी दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही व्यापारी मित्रांनी वर्गणी काढून तळोदा तालुक्यातील एका शाळेस संगणक भेट दिला. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली. वर्षभराने गेलो, तर संगणकावरील आच्छादन तसेच! मी थोड्या नाराजीनेच विचारणा केली. गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठजी, शिक्षक दोन, वर्ग चार. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती. हे यंत्र शिकावे केव्हा?" मी निरुत्तर झालो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा चोपडीवर हिशेब लिहिणाऱ्या माझीही त्रेधातिरपीट उडाली होती. परंतु माझ्याजवळ मुनीम होते, करसल्लागार होते. गुरुजींना मुनीम नसतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांची नेमणूक करता येत नाही. तथापि शाळेतील नोंदींचा वाढता भार त्याने हलका होत नाही.

म्हणून शिक्षक नव्या तंत्रास विन्मुख आहेत, असे समजणे अन्यायाचे होईल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले. त्यांनी पाठ मुलांना समजतील असे केले आणि पाठ्यपुस्तकास क्यूआर कोडची जोड दिली. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी कित्येक मुलांची घरची भाषा भिली वा पावरी आहे. तिच्यातील एखादी गोष्ट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकविणे, हेही तंत्रज्ञानच होय. त्यासाठी महागडे यंत्र नको. गुरुजींना सवड हवी.

ट्रस्टच्या या सुवर्ण महोत्सवी वर्षात मी तीन नम्र सूचना मांडतो. शाळेस वस्तू देण्यापूर्वी शिक्षकांना त्यांची गरज विचारावी. वस्तूसोबत दुरुस्तीचा व इंटरनेटचा वार्षिक खर्चही द्यावा. आणि समाजातील संगणक जाणणाऱ्या तरुण-तरुणींनी महिन्यातून एक शनिवार शाळेत जाऊन, गुरुजींना अडेल तेवढेच त्यांच्या सवडीने शिकवावे.

ज्ञानदानाचे महत्त्व या सभागृहात मी सांगणे नको. ज्ञान देणाऱ्याचा वेळ वाचविणे, हाही त्या दानाचाच एक भाग आहे. पहिल्या शनिवारी मी स्वतः माझ्या नातवाला घेऊन त्याच शाळेत जाणार आहे. ते आच्छादन काढावयाचे आहे.

जय जिनेंद्र!