छतातला एक झरोका

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी नावाचा जुना तुरुंग आहे. १८२९ साली तो सुरू झाला, १९७१ साली बंद पडला आणि १९९४ पासून लोकांसाठी खुला आहे. तिथवर जाणं सगळ्यांना कुठलं जमायला? पण त्याची छायाचित्रं इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतात. ती जरूर पाहा, आणि सावकाश पाहा.

आधी आकाशातून घेतलेलं चित्र बघा. मधोमध एक गोल दालन आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या त्यातून फुटलेल्या कोठड्यांच्या ओळी. मध्यभागी उभं राहिलं की चहूकडे नजर ठेवता यावी, अशी ही जॉन हॅविलंड या वास्तुशिल्पकाराची योजना. मग एका कोठडीत या. पोपडे सुटलेल्या भिंती, गंजलेली खाट आणि कमानदार छतात एक झरोका. उजेड येतो तो तेवढ्यातूनच. ही पडझड मुद्दाम तशीच सांभाळली आहे, रंगसफेदी करून झाकलेली नाही.

हा तुरुंग उभारणारे लोक दुष्ट नव्हते. फटके थांबावेत, एका खोलीत कैदी कोंबणं थांबावं, माणसाला पश्चात्तापाला निवांतपणा मिळावा, म्हणून शहरातल्या सुधारकांनी त्याचा आग्रह धरला. प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, ऊब, शौचालय, मागे छोटंसं अंगण दिलं. काढून घेतला तो माणसांचा सहवास. बाहेर नेताना कैद्याचं तोंडही झाकत. १८४२ साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तिथं गेला. मनाचा हा छळ शरीराच्या कुठल्याही छळाहून भयंकर आहे, असं त्यानं लिहिलं. तरी ही पद्धत रीतसर बंद व्हायला १९१३ साल उजाडलं.

अशाच धर्तीचा तुरुंग इंग्रजांनी अंदमानात बांधला. मध्ये मनोरा, भोवती सात इमारती, जवळपास सातशे एकेकट्या कोठड्या. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू तिथंच होते. तिथं कैद्यांच्या भल्याचा विचार नव्हता, राजबंद्यांना एकमेकांपासून तोडायचं होतं. भल्यासाठी आखलेली रचना त्या कामीही तितकीच उपयोगी पडली.

म्हणून शिक्षेची पारख ती ठरवणाऱ्याच्या हेतूवरून करू नये. भोगणाऱ्याचं काय झालं, ते विचारावं. आपल्याकडच्या तुरुंगांबद्दलही हा प्रश्न आपण नागरिकांनीच विचारायचा आहे, कारण आतल्या माणसाचा आवाज सहसा बाहेर पोचत नाही.