ड्रम वाजवणारी कॅरन

जेवणं उरकली असतील, भांडी राहिली असतील. राहू द्या थोडा वेळ. एरवी मी तुमच्याशी हप्ता, व्याज आणि ठराव वही यांवरच बोलते. आज गाण्यांवर बोलणार आहे, तेही इंग्रजी. बी.ए.ला असताना मैत्रिणीने मेमरी कार्डात भरून दिली होती. शब्द निम्मेच कळायचे, पण आवाज मनात बसला.

हा आवाज कॅरन कार्पेंटरचा. ती अमेरिकेची, जन्म १९५० चा. भाऊ रिचर्ड पियानो वाजवायचा आणि गाणी बसवायचा. दोघांच्या जोडीचं नाव ‘कार्पेंटर्स’. पण कॅरन आधी ड्रम वाजवणारी, मग गाणारी. ती स्वतःला तसंच समजायची. ड्रम म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, पुढ्यात ताशासारखे लहान ढोल आणि वर पितळी थाळ्या. हे सगळं दोन हात, दोन पाय लावून वाजवायचं आणि वर गायचं!

शाळेच्या बँडमध्ये तिला आधी पट्ट्यांवर वाजवायचं हलकं वाद्य दिलं होतं. तिने हट्टाने ड्रम मागून घेतले. आमच्या शाळेत प्रभातफेरीला ढोल मुलांकडे आणि लेझीम मुलींकडे. मीही एकदा ढोल मागितला, तर सगळे हसले. मी गप्प बसले. कॅरन बसली नाही.

आता त्यांचे अल्बम बघू. पहिला ‘ऑफरिंग’, १९६९ चा. तेव्हा कॅरन १९ वर्षांची. गाणी थोडी कच्ची आहेत, पण ड्रम तिचे आहेत आणि त्यात जोर आहे. स्वतःच्या हिमतीवर पहिला धंदा टाकलेल्या बाईसारखा हा अल्बम वाटतो.

दुसरा ‘क्लोज टू यू’, १९७० चा. याच नावाच्या गाण्याने त्यांना अमेरिकेत पहिल्या नंबरावर नेलं. पण त्या गाण्यात ड्रम कॅरनचे नाहीत, हॅल ब्लेन या नावाजलेल्या वादकाचे आहेत. आवाज मात्र असा, की शेजारी बसून कुणी हळू बोलावं. तिचा स्वर खालचा, बायकांमध्ये विरळा. तिने तो कधी ताणून मोठा केला नाही.

१९७३ चा ‘नाऊ अँड देन’ माझा लाडका. त्याची दुसरी बाजू रेडिओच्या कार्यक्रमासारखी रचली आहे. जुनी गाणी एकामागून एक येतात आणि मधे निवेदक बोलतो. निवेदक जरा जास्तच बोलतो, तो दोष आहेच. पण यातले बहुतेक ड्रम कॅरनचे. रेडिओ ऐकत मोठ्या झालेल्या माणसाचं मन इथे कळतं, म्हणून आपल्या श्रोत्यांनी हा आधी ऐकावा.

१९७५ चा ‘होरायझन’ सगळ्यात गुळगुळीत. आवाज अप्रतिम, पण वाद्यांची साखर जास्त झालीय. ऐकताना मला पहिल्या अल्बममधली ड्रमवाली पोर आठवत राहते.

कारण तोवर एक गोष्ट घडली होती. कॅरन ड्रममागे बसली की लोकांना नीट दिसायची नाही. म्हणून तिला मंचावर पुढे उभं केलं आणि ड्रमवर दुसरा वादक आला. हातातलं काम सुटलं आणि अंगावर नजरा आल्या. आजार त्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, अशा आजाराला एकच कारण नसतं. पण ती खाणं कमी करत गेली. १९७५ साली तिचं वजन सुमारे ४१ किलोवर आलं आणि परदेशातले कार्यक्रम रद्द करावे लागले. या आजाराला ॲनोरेक्सिया म्हणतात. माणूस वाळत जातो, तरी त्याला आपण जाडच वाटतो. १९८२ साली तिने न्यूयॉर्कमध्ये उपचार घेतले, पण शरीर फार थकलं होतं. ४ फेब्रुवारी १९८३ ला तिचं हृदय बंद पडलं. वय अवघं ३२.

तिने १९७९-८० मध्ये एकटीच्या नावाने एक अल्बम केला होता. कंपनीने तो बाजूला ठेवला. तो बाहेर आला १९९६ साली, ती गेल्यावर तेरा वर्षांनी. त्यात काही गाणी फसली आहेत. पण निवड तिची होती, आणि तिच्या हयातीत ती लोकांपर्यंत पोचायला हवी होती.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही स्थळ बघताना पोर बारीक झाली की आधी कौतुक होतं. घरातली मुलगी ताट टाळत असेल, सारखं वजन बघत असेल, पाळी चुकत असेल, तर ‘नखरे करते’ म्हणू नका. आशाताईंना सांगा, तिला दवाखान्यात न्या. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो.

आणि तिच्या हातात काही असेल, ढोलकी असो, शिलाई मशीन असो की ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, तर ‘तू फक्त नीट दिस’ म्हणून ते काढून घेऊ नका. येत्या बैठकीत ‘नाऊ अँड देन’ लावणार आहे. शब्द नाही कळले तरी चालेल. तिच्या हाताचा ठोका ऐका.