गिलाव्याआडची तिसरी तार

घर बांधावयास काढले म्हणजे यजमानाचे लक्ष आधी पायाकडे, मग भिंतींकडे व छपराकडे जाते. वायरमनची पाळी येईतो हातातील पैसा आटत आलेला असतो आणि काटकसरीची कात्री बहुधा त्याच्याच कामावर चालते. तेथे वाचविलेला पैसा कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. गिलावा चढला की चांगली तार आणि वाईट तार दोन्ही सारख्याच अदृश्य!

पहिली कात्री लागते ती हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या तारेला. फेज आणि न्यूट्रल या दोन तारांवर दिवा लागतो, पंखा फिरतो, गीझरचे पाणीही तापते. तिसरीवाचून वर्षानुवर्षे काही अडत नाही. पुढे एके दिवशी गीझरच्या आत बिघाड होऊन त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरते. हिरवी तार जागेवर असेल तर त्या विजेला निघून जावयास वाट मिळते. नसेल, तर ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूसच तिची वाट होतो.

फलकावर एमसीबी बसविले म्हणजे भय संपले, ही समजूतही तपासून घेण्याजोगी आहे. दिव्यांसाठी सामान्यतः ६ अँपिअरचा एमसीबी असतो, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा. आणि माणसाच्या छातीतून गेलेले काही दहा मिलिअँपिअरही प्राणघातक ठरू शकतात. एमसीबी राखतो तो तारेला. माणसाला राखणारे उपकरण निराळे, आरसीसीबी. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडताच ते क्षणार्धात वीज तोडते. घरासाठी ३० चेच घ्यावे. १०० किंवा ३०० चे त्या कामाचे नव्हे.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरतात ते ओल टिकावी म्हणून. गोवा-बेळगावकडील जांभ्या जमिनीत पावसाळाभर चिंता नसते. परंतु वैशाखात जमीन कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो. तेव्हा तुळशीबरोबर त्या खड्ड्यालाही पाणी घालावे.

बटन नेहमी फेजवर असावे. न्यूट्रलवर जोडल्यास दिवा विझतो खरा, पण होल्डरात वीज तशीच राहते, आणि स्टुलावर चढलेल्याला ते ठाऊक नसते. नळ्या उभ्या वा आडव्याच न्याव्यात. तिरप्या नेलेल्या नळीत पुढे तसबिरीचा खिळा शिरतो.

गवंड्याने थापी उचलण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. तारा ओढून झाल्यावर परवानाधारक वायरमनकडून मेगरने चाचणी करवावी व प्रत्येक सॉकेटची हिरवी तार खड्ड्यापर्यंत अखंड पोहोचली आहे, हे यजमानाने स्वतः उभे राहून पाहावे.