शिक्षकाचें वेतन

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवाचे उपकार मानावे व गत काळाचें स्मरण करावें, अशी रीत आहे. तें काम आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. आमच्या वांट्यास समितीनें 'अध्यापनवृत्ति' हा विषय दिला. या विषयावर गोड बोलणें सोपें आहे. परंतु गेल्या ईस्टरनंतर घडलेल्या एका प्रसंगामुळें आम्हांस तसें बोलवत नाहीं.

घरांना आशीर्वाद देत आम्ही फिरत होतों. एका घरीं बारावीची परीक्षा दिलेली मुलगी म्हणाली, "फादर, मला शिक्षिका व्हायचें आहे." तिचे वडील म्हणाले, "तुम्हीच हिला समजावून सांगा, फादर. शिक्षकाच्या पगारावर आजकाल संसार होतो का?" आम्हीं उत्तर दिलें कीं, शिकविणें ही ईश्वराची सेवा आहे. त्यावर ते शांतपणें म्हणाले, "खरें आहे. पण ईश्वराची सेवा करणाऱ्या फादरांना मुलांची फी भरावी लागत नाहीं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चहा घेऊन आम्ही निघालों. आजचें भाषण म्हणजे तें राहून गेलेलें उत्तर होय.

प्रथम त्या गृहस्थांच्या हिशेबाला मान देऊं. दोन वर्षांचा पदविकेचा अभ्यास करावा, शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, मग भरतीची वाट पाहावी. आणि नेमणूक झाली तरी पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावीं, असा आपल्या राज्यांतील क्रम आहे. प्राथमिक शाळेंतील शिक्षणसेवकाला दीर्घकाळ महिना ६,००० रुपये मिळत; २०२३ सालीं ते १६,००० झाले. लोणावळ्यासारख्या सहलीच्या गांवीं भाड्याची खोली घेऊन त्यांत कसें भागवावें, हें येथील गृहिणीच सांगूं शकतील. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालच्या आपल्या परिपत्रांत कामकऱ्याच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. तो आग्रह शाळेच्या फाटकापाशीं थांबत नाहीं. शिक्षकाची त्यागबुद्धि ही त्याला कमी पगार देण्याची सबब होऊं शकत नाहीं. आम्ही ख्रिस्ती लोक शाळा चालवितों, म्हणून हें आम्हीं स्वतःस आधीं सांगितलें पाहिजे.

मग इतकें असूनहि या वृत्तीचा आग्रह कां धरावा? आम्ही तीन गोष्टी सांगतों.

पहिली आमच्या डोळ्यांदेखत घडलेली. पूर्वीं आम्ही कांहीं कामकऱ्यांच्या मुलांना सायंकाळीं वाचावयास शिकवीत होतों. त्यांत एक मुलगा असा होता कीं, अक्षरें ओळखी, पण तीं त्याच्याकडून एकत्र जुळत नसत. महिनेच्या महिने गेले. आम्ही मनांतून त्याचा नाद सोडला होता. एके दिवशीं त्या मुलांना घेऊन आम्ही लोकलनें पुण्यास निघालों. मळवली स्टेशन आलें, तेव्हां तो खिडकीशीं बसून पाटीकडे नुसता पाहत राहिला. पुढें कामशेत आलें. त्याचे ओठ हलूं लागले. "का... म... शे... त," आणि मग मोठ्यानें, "कामशेत!" त्यानंतर कान्हे, वडगांव, तळेगांव, प्रत्येक पाटी त्यानें डब्याला ऐकूं जाईल अशी वाचली. समोर बसलेली एक भाजीवाली बाई हांसून म्हणाली, "आतां हा पोरगा कुठं हरवायचा नाहीं." आम्हांस त्या दिवशीं जो आनंद झाला, त्याची तुलना आमच्या दीक्षाविधीच्या दिवसाशींच होईल. ज्याचा नाद आम्हीं सोडला होता, त्यानेंच आम्हांस धीर शिकविला.

दुसरी गोष्ट याच मावळच्या भूमींतील. विष्णु गोविंद ऊर्फ अण्णासाहेब विजापूरकर हे कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक होते. राष्ट्रीय शिक्षणासाठीं त्यांनीं समर्थ विद्यालय काढलें आणि तें पुढें तळेगांव दाभाडे येथें आणलें. विजापूरकरांना तुरुंगवास घडला, आणि १९१० सालीं परकीय सरकारनें विद्यालयहि बंद पाडलें. हिशेबानें पाहिलें तर सगळेंच बुडालें. परंतु जें मुलांच्या डोक्यांत गेलें, त्याला टाळें लावतां येत नाहीं. विजापूरकर १९२६ सालीं वारले. आज तळेगांवांत 'नवीन समर्थ विद्यालय' त्याच नांवाची परंपरा सांगत उभें आहे. दुकान बुडालें तर माल जातो. शाळा बुडाली तरी शिकविलेलें राहतें. असा धंदा दुसरा कोणता आहे?

तिसरी गोष्ट एका संताची. डॉन बॉस्को यांच्या नांवाची शाळा लोणावळ्यांत आहे, म्हणून त्यांचें नांव येथें नवें नाहीं. ८ डिसेंबर १८४१, निष्कलंक गर्भसंभवाचा सण. डॉन बॉस्को यांची दीक्षा होऊन अवघे सहा महिने झाले होते. ट्युरिन शहरांतील एका मंदिरांत गवंडीकाम करणारा एक पोरका मुलगा थंडीमुळें शिरला. त्याला मिस्सेची सेवा करतां येईना, म्हणून मंदिराच्या सेवकानें त्याला मारून हांकललें. डॉन बॉस्को यांनीं त्याला परत बोलाविलें व विचारलें: वाचतां येतें? नाहीं. लिहितां येतें? नाहीं. गातां येतें? नाहीं. मग शीळ घालतां येते का? मुलगा हांसला. त्या हसण्यापासून व एका 'नमो मरिया'पासून त्यांच्या कार्याचा आरंभ झाला. मुलाला काय येत नाहीं हें सर्वांनाच दिसतें. त्याला काय येतें हें शोधून काढीपर्यंत प्रश्न विचारीत राहणें, हें शिक्षकाचें काम. आणि अशी दृष्टि ज्याला लाभली, त्याचें घर व शेजारहि सुखी होतो.

तथापि एक कठीण गोष्ट लपवितां येत नाहीं. हें फळ बहुधा उशिरां येतें, आणि पुष्कळदां शिक्षकाच्या दृष्टीस पडतहि नाहीं. आपल्यांपैकीं बरेच जण रेल्वेच्या घरांतले आहेत. त्यांना आम्ही काय सांगावें! कर्जतहून बोरघाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिनें लावतात. रेल्वेचे लोक त्यांना बँकर म्हणतात. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ. लोणावळ्यास गाडी पोहोंचली कीं मागचीं इंजिनें सुटतात आणि गाडी पुण्याकडे निघून जाते. आंतल्या उतारूंना तीं इंजिनें दिसलेलींहि नसतात. मात्र तीं नसतीं तर गाडी घाट चढली नसती. शिक्षकाचें असेंच आहे. आपल्यामागें कोण कोण होतें, याची आठवण आज प्रत्येकानें करून पाहावी. आमच्या मागें एक गुरुजी होते. आमचें ऱ्हस्वदीर्घ त्यांनीं छडी न उगारतां सुधारलें. त्यांचे आभार मानण्याचें आमच्या मनांत आलें, तोंवर ते देवाघरीं गेले होते.

आतां त्या गृहस्थांस उत्तर. ते आज येथें बसले आहेत. त्यांचें नांव आम्ही घेणार नाहीं. महाशय, आपला हिशेब खरा आहे. पण तो एकट्या आपणांस करावा लागतो, ही आमची चूक आहे. शिक्षक साऱ्या गांवाचीं मुलें घडवितो. मग त्याच्या उमेदवारीचा भार एकट्या घरानें कां वाहावा? म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्युबिलीचा जो निधि शिल्लक राहील, त्यांतून नवीन रोषणाई न करितां, या धर्मग्रामांतील जो मुलगा किंवा मुलगी शिक्षक होऊं इच्छील, त्याच्या शिक्षणाला व मानधनाच्या पहिल्या तीन वर्षांना हातभार लावावा. समितीनें याचा निर्णय पुढच्या सभेंत करावा. आमच्या स्वतःच्या ज्युबिलीनिमित्त आपण जी भेट देण्याचें ठरविलें आहे, ती आम्ही त्यांत पहिली घालतों.

त्या मुलीस एवढेंच सांगतों: बाळ, वडिलांशीं भांडूं नकोस. आज मिस्सेनंतर दोघेंहि आमच्याकडे या. या वेळीं चहा आमच्याकडे.

गुरु म्हणवून घेण्यास ज्यानें कमीपणा मानला नाहीं, तो प्रभु येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.