तपासणीला वयाची अट नको



 

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांच्या या परिषदेत वर्षभराच्या कामाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा, असा प्रघात आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनपासून शालेय समुपदेशनापर्यंत सगळं छापील अहवालात आलेलं आहे, ते कृपया वाचावं. मला मात्र अनेक वर्षं मनात साठलेली एकच गोष्ट बोलायची आहे. पस्तिशी-चाळिशीतला माणूस आपल्यापुढे बसतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, मला ऑटिझम आहे का, तपासून सांगा.’ आपण त्याला परत पाठवतो. हे थांबलं पाहिजे.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या अकरा मुलांचं वर्णन केलं, तेव्हापासून हा मुलांचा विकार म्हणून आपल्या डोक्यात बसला. त्या अकरांतला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिप्लेट, पुढे बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, गोल्फ खेळू लागला आणि २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. मुलं मोठी होतात, मित्रहो! मेंदूची घडण बदलत नाही.

आता आपल्याकडचं बघा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे १९८० साली जन्मलेलं मूल शाळेत होतं, तेव्हा ना कायद्याला हे ठाऊक होतं, ना मास्तरांना, ना बहुतेक डॉक्टरांना. आणि आज त्याच माणसाला प्रमाणपत्राच्या खिडकीवर सांगतात, ‘लहानपणीचे कागद आणा.’ कुठून आणणार? माझ्या एका रुग्णाला हे उत्तर मिळालं, तेव्हा तो तिथेच फरशीवर बसला.

सकाळच्या सत्रात आपल्यापैकी काहींनी विचारलं, ‘नोकरी आहे, लग्न झालंय, मग कसला ऑटिझम?’ कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक पॅटर्नमेकर माझ्याकडे आले होते. ओतकामात धातू किती आकसणार, ते धरून लाकडी साचा घासण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण फोरमन म्हणाला, ‘जरा बघून घे रे,’ की नक्की काय बघायचं, ते त्यांना कळायचं नाही. चहाच्या सुट्टीत सगळे कट्ट्यावर जमले की हे मागच्या भिंतीशी उभे. एकामागून एक कारखाने सुटले. त्यांच्या फायलीत चिंतारोग होता, नैराश्य होतं, गोळ्यांची भली मोठी यादी होती. तपासणीत ऑटिझमचं निदान झाल्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘मला वाटायचं, हे माझ्यावर राग धरून गप्प बसतात.’ मालकांनी सूचना कागदावर लिहून द्यायला सुरुवात केली आणि हातातली नोकरी टिकली. ‘नुसतं लेबल लावून काय उपयोग?’ या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. लक्षणं बालपणापासून असावी लागतात आणि आईवडील हयात नसतील तर पूर्वेतिहास कोण सांगणार? गडहिंग्लजकडच्या एका शिक्षिकेबरोबर त्यांची थोरली मावशी आली होती. मावशींनी सांगितलं, ‘पोरगी चिंचोके मापानं लावायची, लहान ते मोठे. एक हलला तरी रडून घर डोक्यावर. जोतिबाच्या यात्रेत चांगभलंचा गजर झाला की कानावर हात घट्ट धरून गाडीखाली शिरायची.’ मी विचारत गेलो, मावशी सांगत गेल्या. तेवढ्यानं निदान होत नाही, पण निदानाचा पाया तिथे मिळाला. विचारणाऱ्याला सवड असेल तर सांगणारं माणूस सापडतं. मुलींच्या बाबतीत तर जास्तच सवड हवी. त्या इतरांचं पाहून बोलणं-हसणं उचलतात, दिवसभर निभावून नेतात आणि घरी येऊन कोसळतात.

‘हल्ली मोबाइलवर बघून कुणीही येतं,’ ही तिसरी तक्रार. येऊ द्या! छातीत दुखतंय म्हणून आलेल्याला ‘तुम्ही पेपरात वाचलं असेल’ म्हणून आपण परत पाठवत नाही, ईसीजी काढतो. पन्नास प्रश्नांची चाचणी भरून निदान होत नसतं, हे खरं. म्हणूनच तर नीट बसून बोलायचं, निरीक्षण करायचं, सामाजिक भय, मंत्रचळ, स्किझोफ्रेनिया वेगळे काढायचे आणि ते ऑटिझमच्या जोडीनेही असू शकतात, याचं भान ठेवायचं. उत्तर ‘नाही’ आलं तरी ते कारणांसह ऐकण्याचा त्या माणसाला हक्क आहे.

आपली साधनंही मुलांभोवतीच घडली आहेत. इन्क्लेन या संस्थेचं ऑटिझमचं निदानसाधन दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी तयार झालं. प्रमाणपत्रासाठी वापरतात त्या ऑटिझमच्या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी आहेत. आयुष्यभर स्वतःला आवरायला शिकलेला माणूस तिच्यात सहज कमी गुण मिळवतो आणि बाहेर पडतो.

तेव्हा कामं उघड आहेत. प्रौढांसाठी मराठी मुलाखत-आराखडा हवा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी ठरलेला वार हवा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या मंडळींनी एकत्र बसून सुरुवात करावी, तपशील बैठकीत ठरवता येतील.

उद्याच्या सत्रात या कामांचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी उभं राहून बोलावं. मी एकेकाला उत्तर देईन. पण ठराव पुढच्या वर्षावर ढकलू देणार नाही.