पुनरुक्ती आणि पुरावा



मी साहित्याचा अध्यापक. मराठीतील विज्ञानलेखनावर बोलण्याआधी माझीच एक चूक सांगतो.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी जीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने लेख दिला होता. पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात आणि पुष्कळदा त्यांच्या टोकाशी सियालिक आम्ल असते. ते शोधायला वनस्पतींतील लेक्टिन ही प्रथिने वापरतात. ठरावीक शर्करेलाच चिकटणे हा त्यांचा गुणधर्म. म्हणून विल्यम बॉइड यांनी १९५४ मध्ये ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हे नाव घडवले. एल्डरबेरीच्या सालीतील लेक्टिनला चमकणारा रंग जोडायचा, ते पेशींवर घालायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे आणि उरलेली चमक सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची.

पुढे तिने लिहिले होते : त्याच पेशींच्या दुसऱ्या वाट्यातले सियालिक आम्ल सियालिडेज या विकराने छाटले आणि सगळी कृती पुन्हा केली, चमक जवळजवळ गेली. हा परिच्छेद मी पुनरुक्ती म्हणून काढला. वर ‘चमक दिसली’चे ‘सियालिक आम्ल आढळले’ केले. भाषा नेटकी झाली, असे मला वाटले.

मुद्रिते पाहून ती म्हणाली, “सर, तुम्ही पुरावाच काढलात.”

तिचे बरोबर होते. चमक एवढेच सांगते की रंग तिथे राहिला. गव्हाच्या अंकुरातील लेक्टिन सियालिक आम्लाला चिकटते, तसेच एन-ॲसिटिल ग्लुकोसमाइन या शर्करेलाही. आम्ल छाटल्यावर चमक गेली, तरच ती आम्लामुळे होती असे म्हणता येते. उलट, चमक नाही म्हणजे आम्ल नाही, असेही नव्हे. एल्डरबेरीचे लेक्टिन मुख्यतः अल्फा २,६ जोडणीचे आम्ल ओळखते; २,३ जोडणीसाठी माकिया या वृक्षाचे लेक्टिन घ्यावे लागते. हा भेद किरकोळ नाही. माणसांतले इन्फ्लुएंझा विषाणू प्रामुख्याने पहिल्या जोडणीला चिकटतात, पक्ष्यांतले दुसरीला.

आपण विद्यार्थ्यांना पुनरुक्ती टाळायला शिकवतो. ललित लेखनात ते ठीकच आहे. प्रयोगाच्या वर्णनात मात्र तीच कृती एका फरकाने पुन्हा येते आणि निष्कर्ष त्या फरकावर उभा असतो. ‘दिसले’, ‘आढळले’, ‘सिद्ध झाले’ ही क्रियापदे तिथे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

तो परिच्छेद आम्ही परत घातला. तेव्हापासून असा लेख तपासताना वाक्य काढण्याआधी मी लिहिणाऱ्याला विचारतो, “हे इथे कशासाठी आहे?” मराठीत विज्ञान लिहिणारी मुले थोडी आहेत, त्यांचे लेखन आपल्या हातून येते, म्हणून हे सांगितले.